यंत्रात दोष नाही

सोमवार, ३ तारीख

विद्यापीठ बंद झालं. म्हणजे इमारत बंद. परवा वाचनालयाच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. नशीब, पोरं तोवर घरी गेली होती. आता सगळ्या इमारतीची पाहणी व्हायची, मग डागडुजी. तोपर्यंत शिकवणाऱ्यांनी घरून शिकवायचं आणि शिकणाऱ्यांनी घरून शिकायचं, सगळं व्हिडिओवर.

लेक तिथे भूगोल शिकवते. इतकी वर्षं झाली तरी अजून कंत्राटावरच आहे. दर वर्षी कागद नवा, धाकधूक जुनी. यंदा मात्र सोक्षमोक्ष आहे. विभागप्रमुख बाई चोवीस तारखेला तिच्या तासाला बसणार, शेरा लिहिणार, आणि त्या शेऱ्यावर हिला एक तर कायम करणार नाही तर नारळ देणार.

मी म्हटलं, "तू कशाला घाबरतेस? तुझ्यासारखं शिकवतं कोण तिथे?"

ती ओट्यापाशी पाठमोरी भांडी विसळत होती. एक शब्द बोलली नाही. एवढं चांगलं बोलावं तर ही गत.

छातीत धडधडायला लागलं की वहीत लिहून काढा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सातवी शिकलेल्या माणसाला गोळीच्या जागी वही देणारा हा पहिलाच डॉक्टर असेल. आज धडधडतंय, म्हणून लिहिलं.

बुधवार, ५

खोलीचा वर्ग केला. कपाट, माझी खाट, पाण्याचं पिंप यातलं कॅमेऱ्यात काय दिसेल आणि काय नाही यावर सकाळ गेली. शेवटी खिडकीच्या बाजूची भिंत ठरली. तिच्यावर मी चादर ताणून लावली. लेकीने पांढरी आणली होती. मी म्हटलं, पांढरी उजेड परत फेकते, तुझं तोंड काळं दिसेल, राखाडी लाव. कापडाच्या कारखान्यात आयुष्यभर घडी खात्यात काम केलं, कापड एवढं तरी कळतं. चार खिळे मारले, एकही सुरकुती ठेवली नाही.

लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत. टेबल म्हणजे तिच्या आईचं शिवणयंत्राचं मेज. मला सक्त ताकीद आहे की तास चालू असताना बनियनवर मधून जायचं नाही.

"सदरा घालून गेलो तर?"

"बाबा, सदरा घालूनसुद्धा नाही."

शुक्रवार, ७

पहिला तास. मी स्वयंपाकघरात दार किलकिलं करून बसलो. लेक अशी बोलते की नदी खोलीतून वाहत गेल्यासारखं वाटतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण ऐकत राहावंसं वाटतं.

मग कुणीतरी काही विचारलं असावं. लेक थबकली. "आवाज तुटतोय. परत सांग." मग पुन्हा, "नाही रे, तुटतोय." मग म्हणाली, "हे आपण पुढच्या तासाला बघू."

तास संपल्यावर मी पडद्यात डोकावलो. नुसते काळे चौकोन, प्रत्येकात एक एक अक्षर. मी विचारलं, "पोरं कुठायत?"

ती माझ्याकडे बघत होती. "आहेत की आत. कॅमेरे बंद ठेवून बसतात. कुणाचा डेटा संपतो, कुणाला घर दाखवायची लाज वाटते."

"म्हणजे तू भिंतीशी बोलतेस?"

तिच्या मानेवरून घाम निथळत होता. "बाबा, या यंत्रात काहीतरी गडबड आहे."

चला, निदान कळलं तरी. यंत्रात गडबड असेल तर यंत्र दुरुस्त करता येतं. चोवीस तारखेच्या आत हे काम माझं.

सोमवार, १०

इंटरनेटचा वायरवाला आला. तीन फोन केल्यावर आला आणि येताच म्हणतो, "काका, स्पीड तर चकाचक आहे."

"मग आवाज का तुटतो?"

"तुटत नाही, काका."

"म्हणजे माझी मुलगी खोटं बोलते?"

"मी कुठं असं म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, पण सुचवलंस."

त्याने निमूटपणे वायर बदलली, डबा भिंतीवर वर चढवला. कपाटामागे डोकं घालून त्याने लेकीला पासवर्ड विचारला. ती तिथेच उभी, पण उत्तर नाही. परत विचारला, तरी नाही. शेवटी मीच तिच्या समोर जाऊन म्हटलं, "अगं, तो काय विचारतोय?" तेव्हा कुठे सांगितला. घरी आलेल्या माणसाशी असं वागू नये. पण तिला सांगणार कोण? हल्ली नाकावर राग.

जाताना वायरवाला जिन्यात हळूच म्हणाला, "काका, यंत्रात दोष नाही. खरंच नाही." मी दार लावून घेतलं.

बुधवार, १२

बाजारात जाऊन हेडफोन आणले. विमान चालवणारे घालतात तसले, कान पूर्ण झाकणारे. दुकानदार म्हणाला, "आजोबा, गेम खेळणार वाटतं?" मी म्हटलं, "हो, जिवाचा." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

दुपारी तिने ते लावून तास घेतला. आवाज एवढा वाढवला होता की हेडफोन तिच्या कानावर आणि त्यातल्या पोरीचा आवाज मला स्वयंपाकघरात. "मॅडम, नकाशा परत दाखवाल का?" मला स्पष्ट ऐकू आलं. लेक म्हणाली, "आवाज तुटतोय."

हे हेडफोनही बिघडलेले निघाले. परत करायला गेलो तर दुकानदाराने स्वतःच्या कानाला लावून बघितले आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास आहेत." सगळे एकमेकांना सामील आहेत.

गुरुवार, १३

माझं काय चुकतंय ते कळत नाही. आज मागून हाक मारली, उत्तर नाही. परत मारली, नाही. न्हाणीघरातून टॉवेल मागितला, तोही नाही. ओल्या अंगाने बाहेर आलो तर म्हणते, "अहो बाबा, हाक नाही का मारायची?"

जेवताना मात्र काळजी घेते. दिवा माझ्या तोंडावर उजेड पडेल असा फिरवून ठेवते. मी म्हटलं, डोळ्यांवर येतोय. म्हणाली, "राहू दे, मला तुम्ही नीट दिसता." मग रागावलीय म्हणावं की नाही?

तिची आई असती तर एका नजरेत ओळखलं असतं. मागाच्या खात्यात ती आयुष्यभर राबली. त्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, म्हणून बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. या टोकाची त्या टोकाला निरोप द्यायची. चहाड्यासुद्धा ओठांवरच. पुढे तिचे कान गेले आणि घरातही तेच सुरू झालं. काही सांगायचं तर समोर यायचं, तोंड उघडून बोलायचं. लेक त्यातच वाढली. तीन वर्षांची असताना आईशी भांडायची ते बिनआवाजाचं. शेजाऱ्यांना वाटायचं, किती गुणी पोर!

शनिवार, १५

मेव्हणा आला होता. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोही मागावरचा, ठार बहिरा, पण बोलतो असा की गल्लीत कळतं. म्हणून कारखान्यात त्याला भोंगा म्हणत. त्याच्याशी मी ओठांनीच बोलतो. लेकीच्या यंत्राची सगळी रडकथा सांगितली. तो भुवया वर करून ऐकत होता, म्हणजे बघत होता.

मग बोलला. "अरे, यंत्र कसलं? पोरीचे कान गेलेत!"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावलो. लेक आतल्या खोलीत होती. तिने काही मान वळवली नाही.

मी ओठांनी म्हटलं, "आंधळ्याला सगळे आंधळे आणि तुला सगळे बहिरे."

"ती कानाने ऐकते की डोळ्याने, ते बघ एकदा. मी दारातून वाजत आलो, ती दचकली ती मी पुढ्यात उभा राहिल्यावर."

"तुझ्या बहिणीचे कान मागांनी खाल्ले, तुझेही. हिने मागाच्या खात्यात पाय तरी ठेवलाय का कधी?"

"आमच्या आईने तरी कुठे ठेवला होता? तीसुद्धा बहिरी मेली!"

मी त्याला चहा विचारला नाही. तो स्वतः करून प्याला, मलाही दिला, आणि गेला. मूर्ख माणूस. कायमचा मूर्ख.

सोमवार, १७

लेक औषधाच्या दुकानात गेली होती. गैरहजर पोरांसाठी तासाचं चित्रण साठवून ठेवतात. आवाज तपासायचा असला की ते कसं लावायचं, हे तिनेच मला दाखवलं होतं. मी हेडफोन घातले आणि शुक्रवारचा तास लावला. मनात हेतू एवढाच की भोंग्याला खोटं पाडायचं.

सगळं स्वच्छ ऐकू आलं. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा.

एका पोराने विचारलं, "मॅडम, हा भाग परीक्षेला आहे का?"

लेक हसून म्हणाली, "छान प्रश्न आहे." आणि नदी वळण का घेते ते सांगू लागली.

कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्याने मुद्दाम विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे मांजर आहे का?" लेक म्हणाली, "बरोबर. अगदी बरोबर." मग तर हसूच हसू. एक पोरगी ओरडली, "गप्प बसा रे! त्यांना ऐकू जात नाहीये, कळत नाही का तुम्हाला?"

आणि लेक चौकोनांकडे बघत मान डोलावत होती. चेहऱ्यावर ते हसू. ते हसू मी ओळखतो. हिच्या आईचं आहे ते. चारचौघांत कुणाचं काही कळलं नाही की ती असंच हसायची.

हेडफोन काढून जागेवर ठेवले. वायरची घडी घातली.

मंगळवार, १८

लिहवत नाही.

बुधवार, १९

सकाळी ती पाठमोरी कणीक मळत होती. मी दाराशी उभा राहून मोठ्याने म्हटलं, "चिमे, घर पेटलंय."

ती मळत राहिली.

मी पुढे गेलो आणि तिच्या समोर उभा राहिलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. मी काय बोललो ते नाही, मला कळलंय हे कळलं. पिठाचे हात तसेच धरून ती जमिनीवर बसली.

दोन वर्षं झाली म्हणे. डॉक्टरला दाखवलंय. कानात घालायचं यंत्र आहे, कपड्यांच्या खणात लपवलंय. त्याने आवाज मोठा होतो, शब्द कळत नाहीत. नुसता गलका.

"वर्गात कुणाला पत्ता नव्हता, बाबा. प्रश्न आला की मी चालत त्या बाकापर्यंत जायची. पोरं म्हणायची, मॅडम किती जवळ येऊन समजावतात. ओठ दिसले की मला पुरतं. आता चौकोनाला कुठले ओठ?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला धडधडतं."

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्या बाईंना फोन लाव, सांगून टाक. ती म्हणाली, "कंत्राटावरच्या माणसाने आपण होऊन आपली खोट दाखवायची? दुसरीलाच कायम करतील. आणि घर कशावर चालवायचं, तुमच्या पेन्शनवर?"

दुपारी मी तिच्यासमोर बसून ओठांनी विचारलं, "हेडफोन मी घातले तर?"

शुक्रवार, २१

तालीम. मी लॅपटॉपच्या मागे, तिच्या अगदी समोर. हेडफोन माझ्या कानावर. पोरांनी विचारलेलं मी ऐकायचं, ओठांनी तिला सांगायचं, तिने कॅमेऱ्यात बघून उत्तर द्यायचं.

भूगोल मला मारणार. जे शब्द जन्मात कधी उच्चारले नाहीत ते बिनआवाजी कसे बोलू? निक्षेपण. तीनदा चुकलो. ती म्हणाली, "गाळ साचणं, एवढंच म्हणा, मला समजेल." मी गाळ म्हटलं, तिला काळ दिसला. ओठांवर दोन्ही सारखेच. मग मी हाताने खाली काहीतरी बसतंय असं दाखवलं. दोघंही हसलो. या महिन्यात पहिल्यांदा.

हे बरोबर आहे का? ही फसवणूक आहे का? ती शिकवते तर स्वतःच्याच डोक्याने. दात घट्ट बसत नाहीत, बोलताना वरची कवळी हलते. सोमवारी ती पडली तर?

सोमवार, २४

जसं झालं तसं लिहितो.

तास सुरू झाला. मी सदरा घालून, कवळी चिकटवून बसलो. बाई कुठल्याशा चौकोनात होत्या, मला पडदा दिसत नव्हता. लेक बोलू लागली आणि चांगली बोलली. एका पोराने पुराबद्दल विचारलं, मी सांगितलं, तिने उत्तर दिलं. त्या ओरडणाऱ्या पोरीने धरणाबद्दल विचारलं, तेही जमलं. मला वाटलं, निघालो यातून.

तेवढ्यात कानात बाईंचा आवाज आला. "एक मिनिट. मॅडम, प्रत्येक प्रश्नानंतर तुम्ही कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी बघता, मग उत्तर देता. खोलीत आणखी कुणी आहे का?"

लेक माझ्याकडे बघत होती. प्रश्न येतोय हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. ती वाट बघत होती, ओठांवर तेच हसू.

मी काही सांगितलं नाही. नाही सांगवलं.

बाई पुन्हा म्हणाल्या, "तुम्हाला कुणी उत्तरं पुरवतंय का? स्पष्ट विचारते. कारण मला तसं लिहावं लागेल."

मला वाटलं, म्हणावं की वायर तुटली. म्हणावं की बाई शाबासकी देताहेत. ती हसून आभार मानेल आणि तास संपेल. काय करणार होतो कुणास ठाऊक. पण या पोरीला मी आयुष्यात ओठांनी कधी खोटं सांगितलेलं नाही. तिची आई म्हणायची, बहिऱ्याला खोटं सांगणं म्हणजे आंधळ्याला विहिरीकडे नेणं. मी सगळं सांगितलं. बाई जसं बोलल्या तसं, शब्दाला शब्द. कवळी दोनदा हलली.

तिचं हसू गेलं. मग तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि माझ्याकडे तोंड करून ठेवला.

काळे चौकोन माझ्या पुढ्यात आले. एकात चष्म्याच्या बाई, आणि एकात मी, कानावर ते भोपळे चढवलेला म्हातारा.

पडद्यामागून लेक म्हणाली, "हे माझे वडील. सातवी शिकलेत. ते मला उत्तरं सांगत नाहीत, तुमचे प्रश्न सांगतात. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणताहेत, बाबा?"

मी ओठांनी म्हटलं, "कुणी काही म्हणत नाही."

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "आजचा तास इथेच थांबवू." तेही मी तिला सांगितलं.

गुरुवार, २७

ती जेवत नाही. मी जेवत नाही. ती शिजवते, मी झाकून ठेवतो.

काल नेमाने तास घेतला. "नेमलंय तोवर घेणार," म्हणाली. त्या ओरडणाऱ्या पोरीने कॅमेरा लावला. मागे दोरीवर कपडे, शेजारी रडणारं तान्हं मूल. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द वेगळा काढून तिने प्रश्न विचारला. आणखी दोघांनी कॅमेरे लावले. बाकी सगळा काळोख. मांजरवाला त्यातच असेल.

तिघांवर नोकरी टिकत नसते.

शनिवार, २९

विद्यापीठाचा मेल आला. निर्णय बाई एकट्या घेणार नाहीत. पाच जणांची समिती बसणार. डॉक्टरांचा दाखला मागितलाय. 'अध्यापनास पात्र आहेत किंवा कसे' हे समिती ठरवणार. मुलाखत सोमवारी. व्हिडिओवर.

मी तो मेल दोनदा वाचला. व्हिडिओवर! कान गेलेल्या माणसाचा न्याय व्हिडिओवर!

मी म्हटलं, हात जोडून, गोड शब्दांत लिही. लिही की उपचार चालू आहेत, सुधारणा आहे, संधी द्यावी. बाईंना मोठेपणा दे. अडला हरी, चिमे.

ती ऐकून, म्हणजे बघून घेऊन, टेबलाशी गेली आणि टाईप करू लागली. कानात ते खणातलं यंत्र घातलं होतं, उघड, केस मागे बांधून. मी तिच्या पाठीशी उभा राहून पडदा वाचला.

लिहिलं होतं की दाखला सोबत जोडला आहे. मुलाखतीत पाचही सदस्यांनी आपले कॅमेरे चालू ठेवावेत, उजेड चेहऱ्यावर घ्यावा, आणि एका वेळी एकानेच बोलावं. मला प्रश्न दिसले पाहिजेत. माझे वडील माझ्यासमोर बसतील. हे मान्य नसेल तर समितीने माझ्या वर्गात येऊन बसावं, छत दुरुस्त होईपर्यंत मी थांबायला तयार आहे.

विनंती हा शब्द कुठेच नाही. असं लिहितात का? ज्यांच्या हातात आपली भाकरी त्यांना उजेड कुठे घ्या म्हणून सांगतात का? गेलं सगळं, म्हटलं, आता गेलंच.

तिचं बोट पाठवायच्या बटणावर गेलं.

मी मागून म्हटलं, "चिमे, थांब. नको पाठवूस."

तिला ते ऐकू गेलं नाही. टेबलाला वळसा घालून समोर जायला दोन पावलं होती. मी जागचा हललो नाही.